मंद विस्तवाचा ऋतू

जबलपुरात शरद ऋतू आल्याची वर्दी आकाशाच्या आधी नर्मदा देते. मोठ्या पुरात तिचे पाणी इतके चढते की, भेडाघाटचा धुआंधार धबधबा दिसेनासाच होतो. कड्याच्या वरचे पाणी आणि खालचे पाणी जवळजवळ एका पातळीला येते आणि जेथे एरवी तुषारांचा धूर उठत असतो, तेथे नुसता तांबूस लोंढा धावत असतो. परगावचा एखादा पाहुणा श्रावण-भाद्रपदात मोठ्या हौसेने येतो, आणि धबधबा कोठे आहे, असे विचारून परत जातो. मग हस्ताचा शेवटचा पाऊस पडून जातो, पाणी हळूहळू उतरू लागते, गाळ खाली बसतो, आणि एके दिवशी कडा पुन्हा वर येतो. धुआंधार पुन्हा धुआंधार होतो. पाणी ओसरले म्हणजे जे दिसू लागते, ते दाखविणारा हा ऋतू आहे.

नदीच्या काठाने काशाचे पांढरे तुरे डोलू लागतात. अंगणातल्या पारिजातकाचा सडा पडतो. आमचे हिंदी शेजारी त्याला हरसिंगार म्हणतात. सिहोऱ्याकडच्या तळ्यांतून निघालेले हिरवे शिंगाडे टोपल्यांतून बाजारात येतात, आणि त्यांच्या शेजारीच उकडून काळे झालेले शिंगाडेही मांडलेले असतात. सिवनीच्या बाजूची सीताफळे येतात. घरोघर दसऱ्याची आणि दिवाळीची बोलणी सुरू होतात, आणि येथे आमच्यासारख्या मराठी घरांची एक गंमत होते. आमचा महिना अमावास्येला संपतो, शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे कार्तिक लागलेला असतो आणि भिंतीअलीकडे अजून पंधरा दिवस आश्विनच चालू असतो. दिवाळीचे दिवे मात्र दोन्हीकडे एकाच रात्री लागतात, आणि कोजागिरीचा चंद्रही दोन्ही अंगणांत एकाच वेळी उतरतो.

श्रोतेहो, या ऋतूचे कौतुक आपल्या पूर्वजांना इतके होते की, दीर्घायुष्य मागताना त्यांनी शंभर शरद मागितले. पण याच ऋतूला त्यांनी वैद्यांची आईही म्हटले आहे. पावसात थंडावलेल्या शरीरावर एकाएकी ऊन पडते, पित्त खवळते आणि वैद्यांचे दिवस येतात. म्हणून शरदातले खाणे सौम्य असावे, सावकाश शिजलेले असावे आणि ते चांदण्यात बसून खावे, असा संकेत पडला असावा. आज मी शरदातल्या सहली आणि त्या सहलींच्या पाठीमागे कोठेतरी धुमसत असलेला मंद विस्तव या दोहोंविषयी बोलणार आहे. या दोहोंचा संबंध वरवर दिसतो त्यापेक्षा पुष्कळ जवळचा आहे, हे मला फार उशिरा कळले.

महाकोशलात सहल म्हटली की गक्कड-भरता आलाच. ग्वारीघाट असो, तिलवाराघाट असो की लम्हेटा, पाऊस उघडला की रविवारी सकाळी नर्मदेच्या काठी गोवऱ्यांचा धूर दिसू लागतो. गव्हाचे जाडसर पीठ, त्यात तुपाचे मोहन, मीठ आणि ओवा; पीठ घट्ट मळून त्याचे गोळे करावयाचे. गोवऱ्या पेटवून त्यांची ज्वाळा पूर्ण विझू द्यावयाची, आणि आत नुसता लाल विस्तव उरला म्हणजे त्यावर हे गोळे मांडावयाचे. शेजारी वांगी आणि टोमॅटो त्याच विस्तवात भाजत ठेवावयाचे. मग सगळ्यांनी नदीत उतरावे, पोहणाऱ्यांनी पोहावे, म्हाताऱ्यांनी देवळात जाऊन यावे. परत येईतो गक्कड खरपूस झालेले असतात. राख झटकून, हाताने फोडून ते तुपात बुडवावयाचे आणि भरत्याबरोबर खावयाचे.

आमचे घराणे मूळचे वर्ध्याकडचे. माझ्या आजीने जबलपुरात प्रथम गक्कड पाहिले तेव्हा ती म्हणाली, "अरे, हे तर आपले रोडगेच!" आणि ते खरेच होते. वऱ्हाड-नागपुराकडे शेतात गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, पळसाच्या पानांत गुंडाळून भाजलेले पानगे आणि त्यांच्याबरोबर वांग्याची झणझणीत भाजी हा बेत ज्याने खाल्ला आहे, त्याला गक्कडाची ओळख करून द्यावी लागत नाही. नवसाचा रोडगा तर एकनाथांच्या भारुडामुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर एका राज्यात गेले आणि जबलपूर दुसऱ्या राज्यात राहिले. पण गोवरीच्या आराला ती सीमा कधी कळली नाही.

गक्कडाच्या विस्तवाचा एक विशेष मला आता ध्यानात येतो. त्याच्यापाशी कोणी बसून राहावे लागत नाही. मधून एकदा गोळे उलटले की पुरे. मंदपणाचे दोन प्रकार असतात. एक मंदपणा माणसाला मोकळे करतो, आणि दुसरा माणसाला जखडून ठेवतो. दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण आपल्या कोजागिरीच्या दुधाइतके दुसरे सापडणार नाही. दूध आटवावयाचे म्हणजे मंद आच हवी हे खरे. पण त्या आचेपाशी एक माणूसही हवे. हात थांबला की दूध तळाला लागते, नजर हलली की उतू जाते. साऱ्या घराने गच्चीवर चांदण्यात बसावे, गाणी म्हणावी, सोंगट्या खेळाव्या, आणि एका माणसाने आत चुलीपाशी बसून तास दोन तास पळी फिरवावी, तेव्हा कोठे ते केशरी दूध चांदण्यात येते. आमच्या घरी ते एक माणूस म्हणजे माझी आई.

आई १९४७ साली लग्न होऊन जबलपुरास आली. वडील गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला होते. घरात आजी, दोन काका, पुढे आम्ही भावंडे आणि नागपुराकडून सतत येणारे पाहुणे. पाहुणा आला की त्याला भेडाघाट दाखविणे हा जबलपूरकराचा धर्मच आहे. दरवर्षी शरदात दोन-तीन वेळा तरी आमच्याकडून टोळी भेडाघाटास जाई. आई पहाटे उठून दशम्या, बटाट्याची भाजी आणि चटणी बांधून देई, आणि संध्याकाळी थकून येणाऱ्या माणसांसाठी गरम वरणभात तयार ठेवण्याकरिता स्वतः घरी राही. कोणी तिला अडवीत नसे. "तूही चल ना," असे सगळे म्हणत. पण परत आल्यावर जेवायला काय, या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळ नसे. अशी अकरा वर्षे गेली. भेडाघाटचे वर्णन आई परगावच्या पाहुण्यांना इतके छान करून सांगे की, तिने तो पाहिलेला नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नसे. माझ्या ध्यानात आले ते मी दहा वर्षांचा असताना, आणि तेही तिने चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या पायऱ्या किती हे मला विचारले म्हणून.

आमच्या माळ्यावर त्या वेळी एक इकमिक कुकर पडून होता. शेजारचे एक बंगाली गृहस्थ बदली होऊन जाताना तो आम्हांला देऊन गेले होते. आजच्या श्रोत्यांपैकी अनेकांनी ही वस्तू पाहिलेली नसेल. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी ती १९१० साली तयार केली. तत्त्वज्ञान, पदार्थविज्ञान, वैद्यक, कायदा अशा अनेक विद्यांत गती असलेला हा मनुष्य पुरीस गेला, आणि जगन्नाथाच्या स्वयंपाकघरात एकावर एक रचलेली मडकी खालच्या एकाच विस्तवावर शिजताना त्याने पाहिली, असे सांगतात. त्यावरून त्याने पितळेचे एक उंच नळकांडे केले. त्याच्या आत डब्यांची उतरंड, तळाशी लाकडी कोळशाच्या विस्तवाची लहानशी शेगडी, आणि डब्यांभोवती पाणी. विस्तव पेटवून झाकण लावले की, वाफेवर वरण, भात, भाजी सावकाश शिजत राहते. कोळसे जळून संपले की विस्तव आपोआप विझतो, आणि पुढे कित्येक तास अन्न गरम राहते. लागण्याची भीती नाही, उतू जाण्याची भीती नाही, आणि मुख्य म्हणजे पाहारा नाही. प्रवासी, कचेरीत जाणारे एकटे पुरुष आणि वसतिगृहातील विद्यार्थी यांचा तो मोठाच आधार होता.

असा हा कुकर दोन वर्षे आमच्या माळ्यावर होता, आणि तरीही आई घरीच होती. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. कारण यंत्र घरात आले म्हणजे माणूस मोकळे होते, असा आपला एक भोळा समज असतो. आईला तो कुकर वापरण्याची सवड नव्हती. कोळसे फोडा, निवडा, बेताने पेटवा, डबे लावा, हे आणखी एक काम कोण करणार? आणि वाफेवरच्या भाताला चव नसते, असा आजीचा निकाल ऐकण्याची तिची इच्छाही नव्हती.

तो पायऱ्यांचा प्रश्न मी वडिलांच्या देखत पुन्हा काढला. वडील काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी कुकर माळ्यावरून काढला, चिंच लावून घासला, आणि ओसरीवर मांडून स्वतः त्यात विस्तव घातला. पहिल्या दिवशी डाळ कच्ची राहिली. ती त्यांनी सगळ्यांत वरच्या डब्यात घातली होती. दुसऱ्या रविवारी डाळ सर्वांत खाली गेली, तिच्यावर भात, त्यावर बटाटे. तिसऱ्या रविवारी आजीने न बोलता दुसऱ्यांदा भात घेतला. फॅक्टरीत तोफांचे गाडे करणारा मनुष्य तीन आठवडे एका पितळेच्या नळकांड्यापुढे उकिडवा बसलेला पाहून शेजारीपाजारी हसत असत. वडील म्हणत, "विस्तव घालणे ही काही बायकांची जन्मजात विद्या नव्हे. शिकली की येते."

ती १९५८ सालची कोजागिरी. दुपारच्या गाडीने आम्ही निघालो आणि पुढे टांग्याने घाटावर गेलो. एका धर्मशाळेच्या ओसरीवर कुकर मांडला. वडिलांनी विस्तव घातला. आईने डबे भरले, आणि सर्वांत वरच्या डब्यात दूध, मूठभर धुतलेले तांदूळ, साखर आणि वेलदोडे घातले. झाकण लावून झाले तरी ती जागची उठेना. तिला वाटे, आपण गेल्यावर विस्तव विझेल. मग वाटे, फार भडकेल. शेवटी आजीच म्हणाली, "अग, तो आता तुझे ऐकत नाही. चल."

आम्ही प्रथम टेकडी चढलो. शंभरावर पायऱ्या आहेत. आईने त्या मोजल्या. वर कलचुरींच्या काळातले, दहाव्या शतकाचे वर्तुळाकार आवार आहे. भिंतीच्या कडेने योगिनींच्या मूर्ती ओळीने बसलेल्या, बहुतेक भंगलेल्या. मध्ये गौरीशंकराचे देऊळ. तेथून धुआंधारला गेलो. धबधब्याचा आवाज आधी येतो, मग गारवा येतो, आणि शेवटी धबधबा दिसतो. अकरा वर्षे ज्याचे वर्णन करीत होती, त्याच्यापुढे आई उभी राहिली आणि एक शब्दही बोलली नाही. तुषारांनी तिचे लुगडे ओले झाले. बऱ्याच वेळाने ती वडिलांना म्हणाली, "अहो, मी पाहुण्यांना हे फारच थोडे सांगत होते."

पंचवटी घाटावरून नावेत बसलो तेव्हा सूर्य मावळला होता. संगमरवराच्या त्या घळीत चंद्र लगेच दिसत नाही. आधी एका कड्याचे टोक उजळते, मग ते उजेड हळूहळू खाली उतरतो, आणि नाव एखाद्या वळणावर आली की, एकाएकी दोन्ही बाजूंचे कडे पांढरे होतात आणि पाण्यात दुसरे तसेच कडे उभे राहतात. आज तेथले नावाडी यमके जुळवून खडकांची वर्णने करतात आणि प्रवाशांना हसवतात. १९६० सालच्या 'जिस देश में गंगा बहती है' या चित्रपटात हे कडे दिसल्यापासून तर त्यांच्या बोलण्याला विषयाची वाण राहिली नाही. आमचा नावाडी मात्र गप्प होता, आणि त्याबद्दल मी अजून त्याचा ऋणी आहे.

परतलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले असतील. वडिलांनी झाकण उचलले आणि वाफ वर आली. डाळ मऊ झाली होती, भात मोकळा होता. वरच्या डब्यातली खीर चांदण्यात ठेवली. ती घरच्या आटीव दुधासारखी दाट नव्हती, हे कबूल केले पाहिजे. आजीने ते तेथल्या तेथे कबूल केलेही. आश्विनीचे म्हणून आईने मला, थोरल्या मुलाला, तेथेच घाटावर ओवाळले. त्या रात्री प्रथमच आई आमच्याबरोबर पंक्तीला बसली. वाढायला उठण्याचे कारण नव्हते. डबे मध्ये होते आणि ज्याने त्याने घ्यावयाचे होते.

त्यानंतरच्या शरदांत आई घरी राहिली नाही. कधी आम्ही छोट्या लाईनीने नैनपूरवरून मंडल्यास गेलो. सातपुड्याच्या रानातून वळणे घेत जाणारी ती चिमुकली गाडी आता राहिलेली नाही. जबलपूर-नैनपूर मार्गावर ती २०१५ साली थांबली, आणि रुंद रुळांवरून आता मोठ्या गाड्या धावतात. कधी पिपरियास उतरून पचमढीला गेलो, कधी नर्मदेचा उगम पाहावयास अमरकंटकला. पाऊस सरल्यावर कान्ह्याचे अरण्यही पाहुण्यांसाठी उघडते. तेथे आई म्हातारपणी नातवंडांबरोबर गेली. प्रत्येक वेळी कुकर बरोबर असे, आणि प्रत्येक वेळी विस्तव वडील घालीत.

१९६० नंतर घरोघर शिट्टीचा कुकर आला. तो घाईच्या माणसाचा कुकर. अर्ध्या तासात अन्न देतो, पण तो अर्धा तास शिट्ट्या मोजीत बसावे लागते. इकमिक माळ्यावर परत गेला. आता माझ्या नातीच्या घरी विजेवर चालणारे एक भांडे आहे. सकाळी त्यात राजमा किंवा डाळ घालून ती कामावर जाते आणि संध्याकाळी जेवण तयार असते. ही युक्तीही मुळात एका आईपासूनच निघालेली आहे. अमेरिकेत इर्व्हिंग नॅक्सन या गृहस्थाला १९४० साली अशा भांड्याचे पेटंट मिळाले. शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवावयाचा नाही, म्हणून लिथुएनियातल्या ज्यू घरांतून आदल्या संध्याकाळी कडधान्याचे आणि मांसाचे भांडे बेकरीच्या निवत्या भट्टीत नेऊन ठेवीत आणि ते रात्रभर शिजत राही, ही हकीगत त्याने आपल्या आईकडून ऐकली होती. पुरीचे मंदिर, लिथुएनियाची भट्टी आणि नर्मदाकाठचा गोवऱ्यांचा आर, सगळीकडे माणसाला तेच हवे होते: पवित्र दिवशी, सुंदर दिवशी, चुलीपासून थोडे दूर जाता यावे.

परवा मी नातीला विचारले, "तुझे भांडे आपोआप शिजवते, मग मोकळ्या वेळात तू काय करतेस?" ती हसून म्हणाली, "आजोबा, मोकळा वेळ कुठला? भांड्यात घालायचे ते निवडणे, चिरणे, भिजवणे रात्री माझ्याकडेच असते." मला माळ्यावरची ती दोन वर्षे आठवली. तिचा नवरा भला मुलगा आहे. मी त्याला वडिलांच्या कच्च्या डाळीची गोष्ट सांगितली. ती त्याला कळली असावी. कारण पुढच्या शनिवारी रात्री राजमा त्याने भिजत घातला, आणि रविवारी ती दोघे दिवसभर बाहेर होती.

श्रोतेहो, आणखी काही दिवसांनी कार्तिकी एकादशी येईल. चातुर्मासासाठी एका जागी थांबलेले नर्मदेचे परिक्रमावासी पुन्हा चालू लागतील; मराठी माणसे त्यांत पुष्कळ असतात. मग त्रिपुरी पौर्णिमा येईल. आपल्याकडे त्या दिवशी देवळांतून त्रिपूर लावतात. आम्हा जबलपूरकरांना भेडाघाटच्या वाटेवर तेवर गावाशी प्रत्यक्ष त्रिपुरीच लागते, कलचुरींची जुनी राजधानी. पौर्णिमेला भेडाघाटावर जत्रा भरते आणि आमचा शरद संपतो. ऋतू दोनच महिन्यांचा आहे, आणि त्यातले बरेचसे दिवस सणांच्या स्वयंपाकात जातात.

तेव्हा या शरदात सहलीचा बेत ठरवताना कोठे जावयाचे, किती वाजता निघावयाचे, हे तर ठरवाच. पण विस्तव कोण घालणार, हेही आदल्या दिवशी ठरवा. आमच्या घरी ते काम आता माझ्याकडे आहे. गोवऱ्या मी आणतो, ज्वाळा विझेपर्यंत थांबतो, गक्कड मांडतो. मग आम्ही सगळेच नदीकडे जातो.